साताऱ्यातल्या २८५ ‘नकोशी’: एका नामांतराचं प्रकरण

२२ ऑक्टोबर २०११, शनिवार. साताऱ्यात जिल्हा प्रशासनाचा एक कार्यक्रम होता. केसांना रिबिनी आणि क्लिपा लावून, ठेवणीतले कपडे घालून आलेल्या मुली रांगेत उभ्या होत्या. एकेकीला पुढे बोलावून फुलांचा छोटा गुच्छ आणि एक प्रमाणपत्र दिलं जात होतं. प्रमाणपत्रावर तिचं नवं नाव होतं. अशा मुली होत्या २८५. त्या सगळ्यांचं जुनं नाव एकच, फक्त उच्चार घरागणिक थोडा वेगळा: नकोशी, नकुशी, नकुसा.

मुलांची आगळीवेगळी नावं हा विषय निघाला की हल्ली बोलणं शहरातल्या नावांकडे वळतं. इंटरनेटवर शोधलेली, आजीच्या जिभेवर न बसणारी, शाळेत तीनदा सांगावी लागणारी नावं. त्यावर नातेवाईक कुरबुर करतात, पोरं चिडवतात, पुढे सवय होते. मी साताऱ्याचं प्रकरण निवडलं, कारण तिथे गोष्ट उलटी होती. बाहेरच्या माणसाला ते नाव ऐकताच धक्का बसायचा आणि गावात मात्र कुणाला काहीच वाटत नव्हतं. एकाच जिल्ह्यात एवढ्या मुलींचं हे नाव होतं, ते वर्षानुवर्षं जन्माच्या नोंदीत, अंगणवाडीच्या वहीत, शाळेच्या पटावर चढत होतं आणि नोंद करणाऱ्याचा हात थांबत नव्हता. या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते.

नाव कुणाला उद्देशून होतं

मराठी घरांत ओबडधोबड नावं ठेवायची पद्धत जुनी आहे. दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा, भिकू ही नावं आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत घरोघरी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे जन्मलेल्या पाचांतलं एक मूल वर्षाच्या आतच जायचं. ज्या बाईची दोन-तीन लेकरं पाठोपाठ दगावली, तिच्या पुढच्या बाळाला असं नाव मिळायचं. हेतू सरळ होता. बाळ नजरेत भरू नये, मृत्यूने ‘हे काय न्यायचं’ म्हणून पुढे जावं. काही घरांत बाळ दुसऱ्या बाईच्या ओटीत टाकून तिच्याकडून मूठभर धान्याला परत ‘विकत’ घ्यायचे. मुलाचं नाक टोचून त्याला नथ घालायची चालही होती आणि नथू हे नाव त्यातूनच आलेलं आहे. म्हणजे नशिबाला चकवायचं तर मुलाला मुलीचं सोंग द्यायचं, कारण मुलगी कोण नेणार! हे लिहिताना मला थांबावंसं वाटतं. जिवापाड जपलेल्या मुलाच्या त्या नथीतसुद्धा मुलीची किंमत काय धरली जात होती ते दिसतं.

तरीही दगडू आणि नकोशी ही एका माळेतली नावं नाहीत, जरी अनेकदा दोन्ही ‘खेड्यातली विचित्र नावं’ म्हणून एकत्र सांगितली जात असली. दगडू हे हव्याहव्याशा बाळाला लपवायला घातलेलं पांघरूण आहे. नकोशी या नावात काहीच लपवलेलं नाही. तिसरी किंवा चौथी मुलगी झाली, घरात मुलाची वाट पाहणं चालू होतं, तेव्हा देवाला आणि नशिबाला कळावं म्हणून हे नाव ठेवलं गेलं. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, ही समजूत त्यामागे होती. अनेकदा ते आजी-आजोबांकडून सुचवलं जायचं. बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते, तेव्हा ते नाव बाळाला दिलेली पहिली भेट असते. नकोशीच्या बाबतीत नाव बाळाच्या डोक्यावरून दुसऱ्याच कुणाला ऐकवायचं होतं. मुलगी फक्त निरोप नेणारी होती.

हा निरोप फक्त साताऱ्यातूनच गेला असंही नाही. हरियाणात भतेरी, म्हणजे ‘पुष्कळ झाल्या’, राजस्थानात धापू, म्हणजे ‘पोट भरलं’, मध्य प्रदेशात अंतिमबाला, तमिळनाडूत तिरुत्तणीच्या बाजूला वेंडाम, म्हणजे ‘नको’. कोरियात जुन्या पिढीतल्या कितीतरी बायका मालजा आहेत, म्हणजे ‘शेवटची’. चीनमध्ये चाओदी हे नाव ‘धाकट्या भावाला बोलावून आण’ असं सांगतं. भाषा निराळी, देव निराळे, पण सगळीकडे मुलीच्या नावाने मागणी मुलाचीच.

आणि हेही खरं की साताऱ्याच्याच मातीत हौसा, आवडा, सोना ही नावंही मुलींना मिळत आली. प्रतिसरकारच्या लढ्यातल्या हौसाताई पाटील या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लेक. जुन्या सातारा जिल्ह्यात वाढलेल्या या बाईच्या नावातच बापाची हौस होती. ‘त्या काळी असंच असायचं’ हे कारण म्हणून मला पटत नाही. त्याच काळात, त्याच गावांत, लोक लेकीचं नाव हौसेनेही ठेवत होते.

हजेरी

नाव रोज कुठे लागतं, तर शाळेत. आपल्याकडे नाव लिहायची पद्धत अशी की आधी मुलीचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. त्यामुळे पटावरच्या ओळीत ‘नकोशी’ला लागून लगेच बापाचं नाव येतं. गुरुजींनी ती ओळ वाचली की सगळ्या वर्गाला ऐकू जातं की ही कुणाला नको होती. आणि तिने काय म्हणायचं? ‘हजर’. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेचे वर्षाला किमान २०० दिवस भरतात, सहावीपासून २२०. तेवढे दिवस, दरवर्षी, त्या शब्दाला ‘हजर’ म्हणून उत्तर द्यायचं.

लोकांच्या प्रतिक्रिया कशा असत, ते घर, गाव आणि बाहेरचं जग असं वेगवेगळं पाहावं लागतं. घरात नाव वापरून गुळगुळीत होतं. ‘नकुसे, जेवायला ये गं’ म्हणणाऱ्या आईच्या मनात त्या क्षणी नकार नसतो. ती लेकीला हाक मारत असते, ताटात जास्तीची भाकरीही वाढत असते. हे समजून घेतलं नाही तर आपण त्या आईला राक्षसीण ठरवून मोकळे होतो आणि चूक तिथेच होते. त्या आईच्या अंगावर त्याच घराचं ओझं होतं. मुलगा होईना म्हणून बोलणी तिनेच खाल्लेली असतात, आणि नाव ठेवताना तिला कुणी विचारलेलं असेलच असं नाही.

गावात नावाला ओळखीचा उपयोग असतो. अमक्याची नकुसा, तमक्याची नकुसा. एकाच गावात दोन असल्या तर बापाच्या किंवा वाडीच्या नावाने फरक करायचा. भांडणात मात्र त्या नावाचा अर्थ पुन्हा धारदार होतो. पोरांना चिडवायला दुसरं काही शोधावंच लागत नाही, मुलीच्या नावातच सगळं तयार असतं.

बाहेर पडलं की खरा प्रश्न सुरू होतो. तालुक्याच्या हायस्कुलात नवा शिक्षक नाव वाचताना अडखळतो. बसच्या पाससाठी, बँकेच्या खात्यासाठी, दवाखान्याच्या केसपेपरवर नाव विचारलं जातं आणि मुलगी ते हळू आवाजात सांगते. समोरचा म्हणतो, ‘काय?’ मग तिला तेच नाव मोठ्याने पुन्हा सांगावं लागतं. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला फक्त खात्री करून घ्यायची असते. मुलीला तो प्रसंग पुढच्या प्रत्येक खिडकीपाशी भोगायचा असतो.

पूर्वीच्या पिढीतल्या नकुसांची यातून एका वाटेने सुटका व्हायची. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवऱ्यामुलीचं नवं नाव लिहायची आपली रीत. सासरी ती सुमन झाली, शालन झाली, आणि माहेरचं नाव माहेरीच राहिलं. एरवी बाईची ओळख पुसणारी रीत म्हणून मला ती आवडत नाही, पण या बायकांना तिने एक आडोसा दिला हे मान्य करायला हवं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीला तो आडोसा उरत नाही. तिचं नाव दाखल्यावर, गुणपत्रिकेवर, बँकेत आधीच पक्कं झालेलं असतं.

कुणाच्या कानाला खटकलं

नाव बदलण्याची कल्पना तेव्हाचे साताऱ्याचे जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांची. मुलगी म्हणून होणाऱ्या भेदभावाचं हे नाव म्हणजे उघड लक्षण आहे, अशी त्यांची भूमिका होती. मुलींच्या जन्मासाठी काम करणाऱ्या, तेव्हाच्या अहमदनगरच्या डॉ. सुधा कांकरिया यांनीही हा विषय लावून धरला. आरोग्य खात्याने मुली शोधल्या, त्यांची यादी केली आणि २८५चा आकडा पुढे आला.

हे काम आरोग्य खात्याने केलं, शिक्षण किंवा महसूल खात्याने केलं नाही, यालाही कारण आहे. २०११च्या जनगणनेचे हंगामी आकडे त्याच वर्षी मार्चअखेर आले होते. शून्य ते सहा वयोगटात देशात हजार मुलग्यांमागे ९१४ मुली, महाराष्ट्रात ८८३. साताऱ्याचा आकडा त्या वेळी ८८१ सांगितला गेला. अंतिम आकडे थोडे वर गेले, महाराष्ट्राचा ८९४ झाला, पण १९९१ला राज्यात हाच आकडा ९४६ होता आणि २००१ला ९१३. वीस वर्षांत हजारामागे पन्नासेक मुली कमी झाल्या होत्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४चा, तो २००३मध्ये आणखी कडक झाला. तरी आकडा घसरतच होता. आरोग्य खात्याची सोनोग्राफी केंद्रांची तपासणी आणि मुलीच्या जन्माबद्दलचा प्रचार चालू असताना त्याच खात्याच्या लसीकरणाच्या वहीत ‘नकोशी’ लिहिलेलं असणं, हे कुणाच्या तरी डोळ्यांत खुपायलाच हवं होतं.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी. बातम्यांत ८८१चा आकडा आणि २८५ नकोशी एका वाक्यात येत होत्या, जणू एक दुसऱ्याचा पुरावा. पण ८८१ हा आकडा जन्मूच न दिलेल्या मुलींबद्दल बोलतो. नकोशी तर जन्मली आहे. तिच्या घराने मुलाची वाट पाहिली, पण त्या वाटेवर गर्भ पाडला नाही, किंवा त्या घरापर्यंत ते यंत्र पोचलं नव्हतं. मुलगा हवा ही ओढ दोन्हीकडे तीच. एका घरात ती ओढ तिसऱ्या-चौथ्या मुलीच्या नावात उमटते, दुसऱ्या घरात ती सोनोग्राफीच्या खोलीत संपते आणि तिथे नाव ठेवायला कुणी उरत नाही.

म्हणून नकोशी नावाच्या मुली आता कमी सापडतात, याचा आनंद मी लगेच मानत नाही. कुटुंबं लहान झाली. दोनावर तिसरं मूल म्हणजे महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. तिसऱ्या मुलीवर नकोशी नाव पडायचं तर तिसरी मुलगी जन्माला यावी लागते. नाव नाहीसं झालं ते मन बदललं म्हणून, की मुलगीच आली नाही म्हणून, हे गावोगावच्या जन्माच्या नोंदी पाहूनच सांगता येईल.

२०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालाने ही दुसरी बाजू देशपातळीवर मांडली. प्रत्येक कुटुंबातलं शेवटचं मूल मुलगा आहे की मुलगी, हे त्यात तपासलं होतं. मुलगा-मुलगी सारखेच मानले असते तर शेवटच्या मुलांतही दोघांचं प्रमाण निसर्गात असतं तसंच दिसलं असतं. प्रत्यक्षात शेवटचं मूल बहुतेक वेळा मुलगा निघतो, कारण मुलगा झाला की घर थांबतं आणि मुलगी झाली की पुन्हा प्रयत्न होतो. या हिशेबाने अहवालाने पंचवीस वर्षांखालच्या ‘नकोशा’ मुलींची संख्या सुमारे २ कोटी १० लाख काढली. साताऱ्याच्या २८५ मुलींच्या घरांनी हे नावातच सांगून टाकलं होतं. बाकीच्यांची नावं पूजा, प्रियांका, अश्विनी अशी आहेत, त्यामुळे त्यांच्या हजेरीच्या वेळी कुणाच्या काही लक्षात येत नाही.

नवं नाव

कार्यक्रमाचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग म्हणजे अनेक मुलींनी आपलं नाव आपण निवडलं. आपल्यापैकी कितीजणांना ही संधी मिळते? कुणी ऐश्वर्या निवडलं, सिनेमातल्या नटीवरून. कुणी सावित्री घेतलं, कुणी वैशाली. शहरी वाचकाला ऐश्वर्या हे नाव वाचून हसू येऊ शकतं. त्या मुलीला मात्र असं नाव हवं होतं, की जे ऐकून समोरच्याचा चेहरा उजळेल, आणि तिला ठाऊक असलेल्या जगात ते नाव सगळ्यात देखणं होतं. तिची निवड मला अगदी बरोबर वाटते.

‘सावित्री’बद्दल इंग्रजी बातम्यांनी लिहिलं की मुलींनी देवीचं नाव घेतलं. साताऱ्यात या नावाला आणखी एक अर्थ आहे. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१चा, याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर त्यांची तसबीर असते, दरवर्षी त्यांच्या जयंतीला मुली भाषणं करतात. नाव घेताना त्या मुलीच्या मनात नेमकं कोण होतं हे मला सांगता येणार नाही, पण साताऱ्याच्या शाळेत जाणारी मुलगी सावित्री म्हणते तेव्हा मला तरी आधी नायगाव आठवतं.

समारंभाबद्दल आक्षेपही घेतले जातात आणि त्यातला एक मला गंभीर वाटतो. नाव बदललं म्हणून मन बदलत नाही, हा आक्षेप नेहमीचा. तो खरा असला तरी त्या मुलीच्या उपयोगाचा नाही. घरच्यांचं मन बदलेपर्यंत तिने ‘नकोशी’ला ‘हजर’ म्हणत राहायचं का? दुसरा आक्षेप मात्र विचारात घ्यायलाच हवा. मुलींना व्यासपीठावर आणलं, छायाचित्रं काढली, जुनं आणि नवं नाव चेहऱ्यासकट छापून आलं, परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत गेलं. जे नाव एका वाडीपुरतं होतं ते कायमचं शोधता येईल अशा जागी जाऊन बसलं. पंधरा वर्षांच्या मुलीला त्या दिवशी आनंद झाला असेल, पण पंचविसाव्या वर्षी नोकरीच्या ठिकाणी कुणीतरी ती जुनी बातमी काढली तर? प्रचाराला चेहरे लागतात हे कळतं. तरी नवी नावं जाहीर करून जुनी झाकून ठेवता आली असती असं मला ठामपणे वाटतं. कार्यक्रम मुलींसाठी होता, त्यामुळे त्यांच्या पुढच्या आयुष्याचा विचार आधी व्हायला हवा होता.

कागद

गुच्छ आणि प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे नाव बदललं असं कायद्याने होत नाही. पुढचं काम कंटाळवाणं असतं आणि त्याला छायाचित्रकार येत नाहीत.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे बाळाची नोंद नावाशिवायही होते आणि नाव नंतर चढवता येतं, त्यासाठी कलम १४ आहे. एकदा नाव चढलं की कलम १५ चुकीची नोंद दुरुस्त करायला आहे. पण नकोशी ही लेखनिकाची चूक नाही. घरच्यांनी सांगितलेलं नाव त्याने जसंच्या तसं लिहिलेलं आहे. असं नाव लिहायला नकार द्यायची तरतूद या कायद्यात नाही. न्यूझीलंडमध्ये २००८ साली न्यू प्लिमथच्या कुटुंब न्यायालयाने नऊ वर्षांच्या एका मुलीला काही काळ न्यायालयाच्या ताब्यात घेतलं होतं, केवळ आई-वडिलांनी ठेवलेलं चेष्टेचं, लांबलचक नाव बदलता यावं म्हणून. ती मुलगी लाजेने मैत्रिणींना खरं नाव सांगत नव्हती. आपल्याकडे लाजेने नाव लपवणाऱ्या मुली खेडोपाडी होत्या आणि त्यांच्या बाजूने उभं राहायला एक आरोग्य अधिकारी लागला.

शाळेत नाव बदलायचं तर जनरल रजिस्टरमधली नोंद बदलावी लागते. मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव जातो आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, नावातला बदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो आणि मुलगी अज्ञान असेल तर तो अर्ज पालकाने करायचा असतो. म्हणजे ज्याने ते नाव ठेवलं त्याच्याच सहीने ते बदलायचं. काही घरांत यातूनच खरी बोलणी होतात. बापाला अर्जात कारण लिहावं लागतं आणि त्याच्या लक्षात येतं की आपण काय करून बसलो होतो.

यात वेळेला फार महत्त्व होतं. आधार क्रमांक द्यायला सुरुवात २९ सप्टेंबर २०१०ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाली. साताऱ्याचा कार्यक्रम त्यानंतर वर्षभराने. पुढच्या काही वर्षांत शिष्यवृत्ती, बँक खातं, गॅस, मोबाइल सगळं एका क्रमांकाला आणि त्यावरच्या नावाला बांधलं गेलं. ज्या मुलीचं नाव त्याआधी शाळेच्या रजिस्टरात बदललं तिचं पुढचं सगळं नव्या नावाने झालं. जिचं बदललं नाही तिला एका कागदावर ऐश्वर्या आणि दुसऱ्यावर नकुसा, असा घोळ निस्तरावा लागणार. म्हणून अशा मोहिमेचं यश मोजायचं तर कार्यक्रमाला किती मुली आल्या यावर मोजू नये. दहावीच्या प्रमाणपत्रावर किती जणींचं नवं नाव छापलं गेलं, यावर मोजावं.

आणि कागदाबाहेरचं मोजमाप म्हणजे हाक. गावाने बोलावलं नाही तर नवं नाव दप्तरातच राहतं. नाव बदललेल्या मुलीला जुन्या नावाने हाक मारणारे सगळे दुष्ट नसतात, जिभेला वळण पडलेलं असतं. म्हातारी आजी तर बदलणारच नाही. पण शिक्षक, अंगणवाडीताई, आशाताई आणि वर्गातल्या मैत्रिणी एवढ्यांनी ठरवलं तरी दिवसाचे सात-आठ तास मुलगी आपल्या नावाने जगते. शिक्षकाचा वाटा यात सर्वांत मोठा. त्याने पहिल्या दिवशी हजेरीत नवं नाव स्पष्ट वाचलं आणि कुणी ‘गुरुजी, ती नकुसी हाय’ म्हटल्यावर शांतपणे पुन्हा नवंच नाव वाचलं, तर आठवड्याभरात वर्ग बदलतो.

आज असं नाव समोर आलं तर

त्या २८५ मुली आता मोठ्या झाल्या, त्यांतल्या कितीतरी स्वतः आया झाल्या असतील. पण नाव संपलेलं नाही. ते दुसऱ्या जिल्ह्यांतही आहे आणि एखाद्या शाळेत, वसतिगृहात, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या मुलीच्या रूपाने ते अजूनही समोर येऊ शकतं. तेव्हा काय करावं, ते साताऱ्याच्या अनुभवावरून सांगता येतं.

सगळ्यांसमोर ‘असलं कसलं नाव’ असं म्हणू नये, कारण तो धक्का मुलीने आधी शंभर वेळा पाहिलेला असतो. तिला एकटीला विचारावं की नाव बदलायचं आहे का. ‘नाही’ म्हणाली तर तिचं ऐकावं. काही जणी ते नाव घेऊनच पुढे जातात आणि तो त्यांचा हक्क आहे. ‘हो’ म्हणाली तर कोणतं हवं, ते तिलाच ठरवू द्यावं, ताईंनी यादी हातात देऊ नये. घरच्यांशी बोलताना दोष देण्यापासून सुरुवात केली तर अर्जावर सही मिळत नाही. लेकीच्या दाखल्याचं, नोकरीचं काम सोपं होईल, असं सांगितलं तर बहुतेक बाप ऐकतात. सही मिळाली की प्रतिज्ञापत्र, राजपत्र, मग शाळेचं रजिस्टर, मग आधार आणि बँक, या क्रमाने जावं आणि प्रत्येक टप्प्यावरच्या कागदाच्या दोन प्रती मुलीच्या हाती द्याव्यात. शाळेत असेपर्यंत हे काम मुख्याध्यापकांच्या मदतीने होतं. दहावीचं प्रमाणपत्र जुन्या नावाने छापलं गेलं की त्याच बदलासाठी मंडळाच्या विभागीय कार्यालयाच्या खेपा सुरू होतात, म्हणून अर्ज आठवीतच टाकावा.